भोवऱ्याची दिशा

नुसते केस कापून घ्यायला कोणी दीड दिवसाचा प्रवास करत नाही, हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने धाकट्या भावाच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, फवाऱ्याने केस ओले केले आणि उजव्या हातात कात्री घेतली. दुकान वडिलांचं होतं. म्हणजे कायद्याने निम्मं या खुर्चीत बसलेल्याचंही होतं. इतक्या वर्षांत त्याने हा विषय एकदाही काढला नव्हता, आणि थोरल्याला नेमकी त्याचीच धास्ती होती.

"खरं सांग, कशाला आलास?"

"सांगितलं ना दादा. माझा भोवरा तुझ्याशिवाय कोणाला बसवता येत नाही. तिकडे सगळे कोंबड्याचा तुरा करून सोडतात."

थोरला हसला नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

धाकटा दूर एका कॉलेजात गणित शिकवायचा. त्याचं बोलणं लहानपणापासून असंच, सरळ वाट सोडून भलतीकडून येणारं. आताही तो सांगू लागला की विचार काही कवटीत कोंडलेला नसतो. माणूस एखाद्या गोष्टीत फार खोल शिरला की विचार बाहेर पडतो. वर नाही, खाली नाही, बाजूलाही नाही, वेगळ्याच एका दिशेने.

"मी जन्मभर डोकी हाताळतोय," थोरला म्हणाला. "बाहेर पडतो तो कोंडा."

धाकटा मनापासून हसला. कापडाखालून हात काढून त्याने समोरच्या वर्तमानपत्राचा तुकडा घेतला आणि फाडून फाडून त्याचा पंजा केला. आरशाखालच्या फळीवर तो पंजा त्याने इकडेतिकडे सरकवला. "हा उजवा पंजा. फळीवर कितीही फिरव, उजवाच राहणार. पण उचलून पालथा टाकला की झाला डावा. त्या बिचाऱ्या पंजाला पत्ताही लागत नाही. आता समज, विचाराबरोबर एखादा माणूसच असा उचलला गेला तर?"

थोरल्याला ही शुद्ध धूळफेक वाटली. आधी बोलण्यात गुंतवायचं आणि मग हळूच वाट्याचं काढायचं. कात्री चालत राहिली आणि तो विचारात शिरला. हा वाटा मागेल का? आज मागेल की जाताना? दुकान विकायला लावेल? सकाळी स्वयंपाकघरात हा आणि आपली बायको काय कुजबुजत होते? मी आत गेल्यावर गप्प का झाले? एका संशयातून दुसरा निघत गेला, आणि थोरला इतका आत गेला की त्याला कात्रीचा आवाजही ऐकू येईना. जिन्याला अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा त्याचा झोक गेला. क्षणभरच. मग तो सावरला.

समोर भावाचा भोवरा होता. तो उलटा फिरत होता.

थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली. शाळेत जायच्या आधी हाच भोवरा त्याने रोज पाण्याने चोपून बसवला होता. तो कुठल्या बाजूला वळतो, हे त्याच्या बोटांनी झोपेतही सांगितलं असतं. त्याने भावाचं डोकं पुढे वाकवलं. भावाच्या उजव्या कानामागे जन्मापासून तीळ होता. आता तिथे काहीच नव्हतं. तीळ डाव्या कानामागे होता.

कात्री खाली ठेवून त्याने वस्तऱ्यासाठी हात लांब केला. ट्रे जागेवर नव्हता. तो खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला होता. म्हणजे मघाशी वर्तमानपत्र घेताना यानेच सरकवला. कशाला? वस्तरा आपल्या हाताशी असू नये म्हणून? थोरल्याने वळसा घेऊन वस्तरा उचलला. तो त्याच्या नेहमीच्या हातात नीट बसला.

थोरला कागदाच्या पंजांवर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याचा विश्वास साध्यासुध्या लबाडीवर होता. कोणीतरी भावाचा चेहरा घेऊन, भावाचं बोलणं पाठ करून आलं होतं, आणि घाईघाईत तीळ चुकीच्या कानामागे लावून बसलं होतं. निम्म्या दुकानासाठी लोक काय काय करतील, सांगता येत नाही. मग त्याला दुसरी गोष्ट सुचली आणि काळजात चर्र झालं. हा जर इथे बसलाय, तर माझा भाऊ कुठे आहे? दुकान गेलं खड्ड्यात. ज्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेलं, तो कुठे आहे?

त्याने वस्तरा उघडून मानेला टेकवला.

"माझ्या भावाचं काय केलंस?"

कापडाखालचं अंग ताठ झालं. "दादा?"

"दादा म्हणू नकोस मला. तो जिवंत आहे का, तेवढं सांग. आणि चालता हो इथून."

 नजर त्या तिळावरून न हलवता त्याने वस्तरा मानेवरून काढला आणि वस्तऱ्यानेच दार दाखवलं.

धाकट्याने हळूच मान वळवून पाहिलं. वस्तरा भिंतीकडे रोखलेला होता. तिथे दार कधीच नव्हतं. वडिलांनी दुकान उघडलं तेव्हापासून दार दुसऱ्या बाजूला होतं.

तो खुर्चीतून उठला नाही. त्याने आधी आरशात पाहिलं, मग मागे वळून भावाकडे, मग पुन्हा आरशात. त्याचा चेहरा पार उतरला.

"मघापासून मला वाटत होतं, आरशामुळे तसं दिसतंय," तो म्हणाला. "दादा, तू डावखुरा कधी झालास?"