एकाच माणसाचा डॅशबोर्ड

“केला बंद,” भाची म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मामांकडे फिरवला. स्क्रीन कोरी. तिला भीती वाटत होती, आणि गंमत म्हणजे त्यात मजाही येत होती.

मामांची रंगांची कंपनी होती. ठिकठिकाणी दुकानं आणि एक भलंमोठं गोदाम. कुठं काय खपलं, कुठला रंग किती उरला, हे एका नजरेत दिसावं म्हणून भाचीनं हा डॅशबोर्ड उभा केला होता. दोन वर्षं जीव ओतला होता पोरीनं. आणि तो उघडतं कोण, याची नोंद काढली तर रोज उघडणारा माणूस एकच. गोदामवाले काका. बाकीच्यांनी पहिल्या आठवड्यात तो बघितला, वाहवा केली आणि पाठ फिरवली.

“एका माणसासाठी एवढा खटाटोप?” मामा म्हणाले. मग भाचीनंच पैज लावली. कुणालाही न सांगता डॅशबोर्ड एक सकाळ बंद ठेवायचा. दुपारपर्यंत तक्रार करायला तिला एक जरी फोन आला तरी तो राहणार. नाही आला, तर कायमचा बंद आणि भाचीची रवानगी बिलिंगच्या टेबलावर.

तर आता दोघं मामांच्या केबिनमध्ये समोरासमोर बसले होते, मध्ये तिचा फोन. चहा आला, संपला. फोन एकदाच वाजला, तेव्हा ती जवळजवळ उडालीच. आई होती. येताना औषधं आण म्हणत होती. मामा पोट धरधरून हसले.

“अगं, मीच कधी उघडला नाही तो, दुकानवाले कशाला उघडतील?” ते म्हणाले. “धंदा अंगात असावा लागतो.”

भाचीचा नुसता तिळपापड झाला, पण तिनं फोनवरची नजर काढली नाही. घराणंच हट्टी, दुसरं काय.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. एक ठेकेदार होता. अख्ख्या वसाहतीला रंग द्यायचा होता आणि माल आजच्या आज हवा होता. एवढी मोठी ऑर्डर वर्षात आली नव्हती. मामा खुर्चीतून उठलेच. “दोन मिनिटांत सांगतो,” म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि सवयीनं मेसेज चाळायला लागले. कुठं किती डबे शिल्लक आहेत, ते आकडे गोदामवाले काका रोज सकाळी सगळ्यांना पाठवत. त्या आकड्यांवर नजर टाकायची आणि बसल्या जागी सौदा ठोकायचा, ही मामांची पद्धत. आज मेसेजच नव्हता.

“असा कसा विसरला हा माणूस?” मामांनी काकांना फोन लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. पुन्हा व्यस्त. गोदामाचा दुसरा नंबर, तोही व्यस्त. मामा केबिनभर येरझाऱ्या घालायला लागले. तिकडे ठेकेदार थांबलेला, इकडे काकांच्या गप्पा संपेनात. भाची खुर्चीच्या कडेला सरकली.

अखेर फोन लागला. मामांनी स्पीकर सुरू केला आणि तोंड उघडणार, तोच पलीकडून काकांचा दमलेला आवाज आला.

“साहेब, सकाळपासून एकेका दुकानाचा फोन घेतोय, आकडे का नाही आले म्हणून. जरा तुमच्या भाचीला सांगा ना, तिचा तो डॅशबोर्ड उघडत नाहीये. रोज तुम्हाला पाठवतो ते आकडे आज आणू कुठून?”