सलग चारशे बारा सामने

बायको शालन गेल्याचं दिगंबर सामंतांना इस्पितळाआधी क्लबने कळवलं. जर्मनीतला तो फुटबॉल क्लब सभासदांची नाडीसुद्धा मोजत असे. पुढच्या शनिवारी स्टेडियममधल्या तिच्या खुर्चीत तिच्याच चेहऱ्याचं यंत्र बसलं होतं, गळ्यात क्लबचा मफलर घालून.

“सलग चारशे बारा सामने स्टेडियम भरलेलं आहे, सामंतसाहेब,” आकडेवारी ठेवणारा उवे म्हणाला. “एक खुर्ची रिकामी राहिली की विक्रम संपला. तुमच्या पुढची अख्खी रांग गेलेल्यांचीच आहे. कुणाची तक्रार नाही.”

गोल झाला. “अहो, बघितलंत का!” म्हणत यंत्राने सामंतांचा हात दाबला. त्यांनी तळवा पँटला खसाखसा पुसला.

“शी! उठवा हिला.”

“सभासदत्व रद्द करायला सभासदाचीच सही लागते. आणि तुमचंही माप घेऊन ठेवलंय.”

शालनला त्या खुर्चीवरून उठवायचं अजून राहिलं आहे.