येतो म्हणजे आत

"हे तुम्हालाच काय, माझ्या सख्ख्या भावालाही पटणार नाही," असं म्हणून दादांनी चहाचा कप मॅडमपुढे सरकवला. "पण घडलं ते असं."

दादा म्हणजे कारखान्याच्या स्टोअरचे दादा. बेअरिंग, पट्टे, नटबोल्ट, जे काही मांडण्यांवर होतं ते सगळं त्यांच्या ताब्यात. मॅडम मुख्य कचेरीतून आलेल्या. हजेरीचं नवं यंत्र आलं की ते जुन्या माणसांच्या अंगवळणी पाडायचं, हे त्यांचं काम. दादांनी त्यांना मालाच्या दारातून थेट आपल्या टेबलापाशी आणून बसवलं होतं.

भानगड सांगायला सोपी होती. यंत्र म्हणत होतं की रोज संध्याकाळी सगळे बाहेर पडले की थोड्या वेळाने दादा पुन्हा आत जातात. कचेरीचं म्हणणं, बंद स्टोअरात माणूस जातो तो माल हलवायलाच. मॅडमनी आज तसं कळवलं असतं, तर ऐन निवृत्तीच्या तोंडावर दादांची नोकरी गेली असती. नाव खराब झालं असतं ते वेगळंच.

"आधी तुमचं ऐकू," मॅडम म्हणाल्या. "सावकाश सांगा. मला घाई नाही."

दादांना एवढंच हवं होतं.

त्यांनी सांगितलं की यंत्र बोलकं आहे. दारात माणूस उभा राहिला की ते गोड आवाजात विचारतं, आत की बाहेर? माणसाने तोंडाने उत्तर द्यायचं. सुरुवातीला सगळ्यांची तारांबळ उडाली. फिटर लाजून आडून आडून जायचा. इलेक्ट्रिशियनचा आवाज यंत्राने ऐकून ठेवला तो नेमका सर्दीतला, त्यामुळे बरा झाल्यावरही बिचाऱ्याला नाक चिमटीत धरून बोलावं लागायचं. पेंटर चहाला निघताना सवयीने "आलोच" म्हणाला. यंत्राला वाटलं, आला. चहाच्या दर फेरीला कारखान्यात एकेक पेंटर वाढत गेला, आणि शेवटी मोठे साहेब विचारायला लागले की एवढे पेंटर असून भिंती तशाच कशा.

मॅडमना हसू आवरेना. "आणि तुमचं कुठे अडलं?"

दादांचं अडलं ते 'जातो' या शब्दावर. निघताना माणूस येतो म्हणतो. उंबऱ्यात उभं राहून चक्क जातो म्हणायचं, हे काही त्यांच्या जिभेला जमेना.

मग सूनबाईने मनावर घेतलं. दादा आता रंगात आले होते. जेवणं झाल्यावर तिने टेबलावर दादांचा डबा उभा केला, आणि म्हणाली, बाबा, हेच ते यंत्र समजा, म्हणा बघू. नात डब्यामागे लपून यंत्राचा आवाज काढायला बसली. मुलगा पलीकडून ओरडत होता की नुसतं म्हणायचंय, खरंच कुठे जायचं नाहीये. दादांनी छाती भरून श्वास घेतला. 'जा'पर्यंत पोचलेसुद्धा. पण पुढे आपसूक 'ऊन येतो' बाहेर पडलं. नात डब्यामागे हसून हसून लोळली.

सूनबाई मात्र हसली नाही. "बाबा, तुम्ही आहात तसेच राहा," ती म्हणाली. "त्या यंत्रालाच वळण लावू."

तिने सांगितल्याप्रमाणे दादा रोज यंत्रापाशी घटकाभर थांबू लागले. गुडघ्याचं सांगायचे, नातीच्या शाळेचं सांगायचे. हळूहळू यंत्र माणसाळलं. एका संध्याकाळी दादा म्हणाले, "येतो." यंत्र म्हणालं, "या." आता एकदा या म्हटल्यावर माणूस आत आलाच, असं त्याने धरलं आणि तशी नोंद केली. तेव्हापासून रोज तेच.

"तेव्हा यात चूक माझी नाही, त्याचीही नाही," दादांनी समारोप केला. "दोघांचं वळण चांगलं, एवढाच काय तो गुन्हा."

मॅडम म्हणाल्या, "सूनबाई रोज वाट बघत असतील."

"दारातच उभी असते. जरा उशीर झाला की फोनवर फोन." दादांनी कप तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.

"नशीबवान आहात. चला, तुमचं यंत्र तरी दाखवा."

"आज राहू द्या, मॅडम. कालपासून त्याचा घसा बसलाय."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. बाहेर फिटर उभा होता, म्हणून त्यांनी उठून दार लोटून घेतलं आणि खुर्ची दादांच्या जवळ ओढली.

"दादा, तुमच्या मालाची मोजणी झाली. एक नटही कमी नाही. पण ही यंत्रं मीच ठिकठिकाणी बसवते. त्यांना कान नसतात, त्यांना अंगठा लागतो. घरी का जात नाही तुम्ही?"