मंगळावर वळलेला चेंडू

पृथ्वीवर उत्पला दळवीच्या वळणाऱ्या चेंडूने भल्याभल्यांची भंबेरी उडायची. त्याच चेंडूने तिला व्यावसायिक बेसबॉलमधली नावाजलेली पिचर बनवलं. मंगळावरच्या विरळ हवेत मात्र तो सरळच जायचा. तरी हवा दाट करणारे कारखाने सुरू झाल्यापासून, दर उन्हाळ्यात ती अंतराळपोशाख चढवून वस्तीच्या घुमटाबाहेर चेंडू टाकून बघायची.

आज सून यामिनीने बॅट फिरवली, ती हुकली.

“आई, वळला!” हेल्मेटमध्ये तिचा आवाज घुमला.

“माझं मन राखू नकोस.”

“शप्पथ! पुन्हा टाका.”

उत्पलाने पुन्हा टाकला. चेंडू झोकात वळला.

“अगं, हवा आली!”

रेडिओवर हे ऐकून घुमटातून माणसं पोशाख चढवून धावत बाहेर आली. हसत-रडत उत्पलाने एकेकाला बॅट धरायला लावली आणि सगळ्यांना चकवलं.