सातव्या फेरीतला फोन

“आता देवाकडे एकच मागा. तुमच्या पोराचं नाव कुणी पुकारू नये,” रोझलिन फोनवर म्हणाली.

ऑक्टेव्ह गिलरीला वाटलं, बाई शुद्धीवर नाही. रोझलिन त्याच्या मुलाची, डेल्विनची एजंट. पोराला चांगल्या संघात लावून द्यायचं हाच तिचा धंदा, आणि आता तीच म्हणत होती की नाव नको. इकडे अंगणात अख्खं चर्च जमलं होतं. भल्यामोठ्या पातेल्यात क्रॉफिश, गोड्या पाण्यातले मोठे झिंगे, उकळत होते. ओकच्या झाडाखाली टीव्ही मांडला होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून पाद्रीबाबा बर्फाच्या पेटीवर बसले होते. ड्राफ्टचा शेवटचा दिवस, शेवटची, सातवी फेरी. अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ पाळीपाळीने कॉलेजातली पोरं उचलत होते आणि दर पाळीला टीव्हीवर एकेक नाव वाचलं जात होतं.

रोझलिनचं म्हणणं साधं होतं. ज्या संघाने नाव पुकारलं, पोरगा त्याच संघाचा. मग दुसरीकडे जायची सोय नाही. ज्याचं नाव राहिलं तो मात्र मोकळा. जो बोलावेल त्यातला हवा तो संघ निवडावा. समुद्रकाठच्या एका संघाला डेल्विनसारखा सेंटर हवाच होता. त्यांचा एक सेंटर निवृत्त झालेला, दुसऱ्याचा खांदा गेलेला. पण त्यांच्या पाळ्या संपल्या होत्या. फेरी आटोपली की ते पहिला फोन डेल्विनला करणार होते.

“आता जो पुकारेल तो नुसता गर्दीला नेईल आणि मोसम सुरू व्हायच्या आत नारळ देईल,” रोझलिन म्हणाली.

“पुढचं पुढे बघू,” ऑक्टेव्ह म्हणाला. “आधी नाव वाचलं गेलं पाहिजे. गिलरी! एकदा. बस्स.”

“डॅडी, पण मला खेळायचंय,” डेल्विन हळूच म्हणाला.

“खेळशील की! नाही कोण म्हणतंय?”

ऑक्टेव्हचा हा हट्ट कुठून आला, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तोही सेंटरच होता, डेल्विनच्याच कॉलेजचा. सेंटरने चेंडू दोन पायांमधून मागे द्यायचा आणि समोरून येणारी धडक अंगावर घ्यायची. चेंडू घेऊन पळणारा दुसराच, टाळ्या त्याला. सेंटरचं नाव मैदानात कुणी घेत नाही. घेतलंच तर या दिवशी. त्याच्या ड्राफ्टच्या वर्षी ऑक्टेव्ह नवा शर्ट घालून याच अंगणात बसला होता. शेवटचं नाव वाचलं गेलं आणि ते त्याचं नव्हतं. नंतरही कुणी विचारलं नाही. सोमवारी तो साखर कारखान्यात कामाला लागला. त्याची थोरली बहीण ओडील अजून चारचौघांत विचारते, “काय रे, तो शर्ट आहे का, की उंदरांनी नेला?” ऑक्टेव्ह सगळ्यांबरोबर हसतो. त्याला ते लागतं, पण हसतो.

टीव्हीवर मोजकी नावं उरली होती. ऑक्टेव्ह लिंबं आणायला स्वयंपाकघरात आला. डेल्विन तिथे सिंकपाशी हात धुवत होता. कोपरापर्यंत लाल मसाला. तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. डेल्विनने बोटाच्या पेराने स्पीकर लावला.

“डेल्विन? पुढची पाळी आमची आहे. तुझं नाव पाठवतोय,” उत्तरेकडच्या एका संघाचा माणूस बोलत होता. “येतोस ना, बाळा?”

ऑक्टेव्ह लिंबांची पिशवी धरून जागीच थांबला. त्याचा चेहरा इतका उजळला की डेल्विनने तो तसा कधी पाहिलाच नव्हता. डेल्विन त्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

“हो सर,” तो म्हणाला. “येतो.”

लहानपणी पातेल्यात कोंबडीचा एकच तुकडा उरला की डेल्विन ‘मला भूक नाही’ म्हणायचा, तसाच आवाज होता. ऑक्टेव्हने तो बरोबर ओळखला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने पिशवी ओट्यावर ठेवली आणि फोनवर वाकला.

“साहेब, मी त्याचा बाप. तुमच्याकडे सेंटर किती आहेत?”

“आत्ता? चार.”

“चौघांचे गुडघे, खांदे?”

“ठणठणीत आहेत, देवाची कृपा,” तो माणूस हसला.

ऑक्टेव्हने खिडकीतून बाहेर पाहिलं. सगळ्या खुर्च्या टीव्हीकडे तोंड करून होत्या. पाद्रीबाबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. ऑक्टेव्ह पुन्हा फोनकडे वळला.

“मग दुसऱ्या कुणाच्या तरी पोराचं नाव वाचा,” तो म्हणाला. “आमचं नको.”

“ठीक आहे,” तो माणूस म्हणाला. “नाही म्हणणाऱ्याला ओढून नेण्यात आम्हालाही रस नाही.” फोन बंद झाला.

“डॅडी, अहो, तुमचं...” डेल्विन नळ तसाच सोडून वळला.

“हात धू नीट. तुला आता समुद्राकडून फोन येईल. मसाल्याच्या हाताने डोळे चोळू नकोस.”

लिंबं घेऊन ऑक्टेव्ह अंगणात आला तेव्हा टीव्हीवर नाव वाचलं जात होतं. ओहायोचा कुणी पोरगा. पाद्रीबाबांनी डोळे उघडले आणि सगळे ऑक्टेव्हकडे न बघण्याचा प्रयत्न करू लागले. ओडीलला मात्र राहवलं नाही.

“आत फोन वाजला ना रे? मी ऐकला. कोण होतं?”

ऑक्टेव्हने पातेल्यात लिंबू पिळलं.

“विमा विकणारा होता. नको म्हणून सांगितलं.”