बाबांपुरता टीव्ही

“डावीकडे खाली जरा सावली आहे, आधीच सांगतो,” सेल्समन म्हणाला. “दीड वर्ष एकच जाहिरात चालू होती. तिची अक्षरं पडद्यात बसलीत.”

टीव्ही डिस्प्लेचा होता. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत भिंतीवर जळणारा. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांनी त्याच्यावर चिकट तळवे उमटवले होते. एकाने तर चाटलाही असावा. सेल्समनने मघाशी मानेवरून फिरवलेल्या फडक्यानेच तो पुसला. अर्ध्या किमतीत मिळत होता.

थोरल्या भावाने मान वाकडी करून सावली पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

“चालेल. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांना डावीकडचं दिसतच नाही.”

“हो ना,” त्याची बहीण म्हणाली.

त्यांची धाकटी भावजय मागे उभी होती. नवरा ड्यूटीवर, म्हणून त्याचा तिसरा हिस्सा पर्समध्ये घेऊन ती आली होती. सासरे तिच्याकडेच असत. दिवसातून चार वेळा तीच त्यांना कूस बदलून देई. आठ महिने ते छताकडे बघत पडले होते आणि आठ महिन्यांत त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, तीही अर्ध्या तोंडाने: मॅचमधला चेंडू दिसेल असा टीव्ही.

“स्पीकर एकच चालतो,” सेल्समन पुढे म्हणाला.

“कान तरी कुठे दोन चालतात!” थोरला हसला.

“रिमोट मूळचा नाही. दुसरा देतो, पण बटणं जोरात दाबावी लागतात.”

“त्यांना थोडंच दाबायचंय,” बहीण म्हणाली. “ही आहे की घरात.”

बाजारात गिऱ्हाईक वस्तूची खोट दाखवून भाव पाडतं. इथे बापाची खोट दाखवून वस्तू पास होत होती, आणि दोघा भावंडांत त्याची चढाओढ लागली होती.

“आणि वॉरंटी,” सेल्समनने आवाज उतरवला. “नव्याला तीन वर्षं. ह्याला सहा महिने.”

बहीण पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. थोरल्याने हनुवटी खाजवली.

“वॉरंटी नकोच म्हटलं,” त्याने विचारलं, “तर अजून किती सोडाल?”

धाकटीच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. थुंकावंसं वाटलं, पण दुकानाची फरशी फार स्वच्छ होती.

भांडून उपयोग नव्हता. ‘एवढं वाटतंय तर वरचे पैसे तूच घाल’ हे उत्तर ठरलेलं. आणि वरचे पैसे असते तर ती ह्या दोघांबरोबर आलीच नसती. पण माणूस तोंडाने काय बोलतो यापेक्षा त्याची नजर कुठे जाते, याची नोंद ठेवायची तिला सवय होती. दाराजवळच्या नव्याकोऱ्या, मोठ्या टीव्हीपाशी थोरला आल्यापासून तीनदा जाऊन आला होता. एकदा तर त्याच्या कडेवरून त्याने हलकेच बोटही फिरवलं होतं.

“दादा, तो नवा घेऊ या,” ती म्हणाली. “आमची भिंत काय, एवढीशी. पुढेमागे तो तुमच्याच हॉलमध्ये शोभेल.”

थोरल्याचा चेहरा गंभीर झाला. “असं बोलू नये,” तो म्हणाला आणि नव्या टीव्हीकडे चालू लागला.

“त्याच्याच हॉलमध्ये का?” बहिणीचा आवाज चढला. “मला काय हॉल नाही?”

“तुम्ही बाबांचा तो बटणावर वरखाली होणारा पलंग न्या ना, ताई. तुमच्या सासूबाईंना पुढे लागेलच.”

बहिणीने मनातल्या मनात वजन करून पाहिलं.

“गादीसकट?”

“गादीसकट.” आठ महिन्यांत ती गादी काय काय पिऊन बसली होती, ते धाकटीलाच ठाऊक.

थोरला नव्या टीव्हीसमोर चक्क गुडघ्यांवर बसला होता. त्याला आता आवाज दोन्ही बाजूंनी स्वच्छ हवा होता. पडदा काळा करायला लावून त्याने चारही कोपरे तपासले. सुईच्या टोकाएवढा ठिपकासुद्धा चालणार नव्हता. वॉरंटी तीनची पाच वर्षं करता येते म्हटल्यावर ती त्याने स्वतःच्या खिशातून वाढवून घेतली. “बापासाठी कसली काटकसर!” असं सेल्समनला दोनदा ऐकवलं. सेल्समनने दोन्ही वेळा मान डोलावली. त्याचं काय जात होतं?

धाकटीने आणलेला हिस्सा मोजून दिला, वरचे थोरल्याने घातले. बाबांना चेंडू दिसणार होता. त्यासाठी तिने जित्या माणसाची वाटणी करून दिली होती, आणि तीही इतक्या सराईतपणे, की तिला स्वतःच्याच जिभेची किळस आली.

“बसवायचे पैसे नाहीत,” सेल्समन पावती लिहीत म्हणाला. “उद्या अकरापर्यंत माणूस येईल.”

“आणि एकदा बसवलेला काढून दुसऱ्या घरी लावायचा झाला, तर?” थोरल्याने विचारलं.

“तेही करतो आम्ही. फक्त दिवस आधी कळवायचा.” सेल्समनचं पेन पावतीवर थांबलं. “साधारण कधी?”

दोघा भावंडांनी एकदमच धाकटीकडे पाहिलं.