मागे पडणारा ठेका

ठेका पुन्हा उशिरा पडत होता. तिने बिनतारी इअरफोन कानात नीट बसवले, हातातला छोटा कन्सोल डोळ्यांजवळ धरला आणि तोच टप्पा परत खेळून पाहिला. शंकाच नको. पडद्यावर गोळी सुटायची, रंगीत खडे फुटायचे आणि ढोलाचा ठोका मागाहून यायचा.

कंपनी बनवत असलेला सगळा खेळच या ठेक्यावर उभा होता. वरून खडे उतरतात, एका रंगाचे जुळवून उडवायचे. पण गोळी सुटते ती ठेक्यावरच. गोळ्यांचं काम तिचं, संगीत मास्तरांचं.

मास्तर साठीला आलेले. इअरफोनचं त्यांना वावडं; बिनतारी आवाज वाटेत रेंगाळतो म्हणायचे. कन्सोलच्या बारक्या स्पीकरलाच कान लावून बसायचे. तिच्या नोकरीसाठी साहेबांकडे शब्द टाकला होता तो त्यांनीच. आता त्यांचाच कान दगा देतोय हे सांगायची तिची छाती होईना. तिने गुपचूप गोळ्याच किंचित मागे सरकवल्या. जुळलं.

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी चालीवर पुन्हा हात फिरवला. ठेका परत मागे. तिने परत गोळ्या सरकवल्या. मग ते दर आठवड्याचंच झालं. मास्तरांच्या नजरेला नजर द्यायची तिला चोरी झाली.

"काय गं, हल्ली चहालाही येत नाहीस? माझ्या चाली ऐकून पळतेस की काय?"

"काहीतरीच काय, मास्तर!"

शेवटी खेळ तपासणारा वैतागला. "बटण दाबलं की गोळी आळस देते, तोंड धुते आणि मग निघते!"

साहेबांनी तिला आत बोलावलं. "खेळ बाजारात जायचाय. चूक कुणाची ते सांग. एकाला घरी बसवावंच लागेल."

ती खाली बघत म्हणाली, "मास्तरांचा... कान आता पूर्वीसारखा राहिला नाही."

साहेबांनी मान हलवली. "तेही सकाळी हेच म्हणाले. आपणहून."

तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

संध्याकाळी मास्तर टेबलाचा खण रिकामा करत होते. ती दारातच घुटमळली.

"मास्तर, मला माफ करा."

"तुला कशाबद्दल? वेडी कुठली." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ पोरी, यापुढे जरा जपून. पहिली चाल मी बरोब्बर बसवली होती, पण तुझ्या गोळ्या दर आठवड्याला मागे पडायला लागल्या. नवखी आहेस, तुझ्यावर ठपका नको, म्हणून मी गुपचूप ठेकाच मागे ओढत राहिलो. साहेबांना माझा कान गेला म्हणून सांगितलंय. तुला विचारलं, तर तूही तेच सांग बरं."